चुलीतला कोळसा कोणत्या खात्यावर मांडायचा?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुधारित चुलींविषयीच्या बातम्यांमध्ये आणि माहितीपत्रकांमध्ये एक टक्केवारी हमखास असते : अमुक चुलीची औष्णिक कार्यक्षमता ३१ टक्के, तमुक चुलीची ३७ टक्के. लाकूड, काटक्या, भुसा, तूस, दाबून केलेल्या गोळ्या अशा जैवभारावर चालणाऱ्या चुलींच्या बाबतीत हा आकडा काढताना, स्वयंपाक आटोपल्यावर चुलीत उरलेल्या कोळशाचा हिशेब कसा केला, हे मात्र सहसा सांगितलेले नसते. तो कोळसा वाचलेले इंधन म्हणून धरला, वाया गेलेले इंधन म्हणून धरला, की स्वतंत्र उत्पादन म्हणून बाजूला काढला, यावर तीच चूल सुमार ठरते किंवा उत्तम ठरते. अशा चुलींच्या चाचणी-अहवालांशी माझा कामानिमित्त संबंध येतो. त्या आधारे या एका मुद्द्याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्रात 'कोळसा' हा शब्द लाकूड किंवा तत्सम जैवभार अर्धवट जळून उरणाऱ्या काळ्या घन पदार्थासाठी वापरला आहे. खाणीतल्या दगडी कोळशाशी त्याचा संबंध नाही.

मुळात हा कोळसा उरतो कसा, हे आधी पाहू. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातले पाणी निघून जाते आणि सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे विघटन सुरू होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. चुलीत दिसणारी पिवळी ज्वाळा या वायूंची असते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग असा वायुरूपाने जातो आणि मागे मुख्यतः कार्बन व थोडी राख उरते. या कार्बनला हवा मिळत राहिली तर तो निखारा होऊन जळतो आणि शेवटी राख राहते. हवा तोडली तर तोच कोळसा म्हणून हाती लागतो. उघड्या चुलीत ज्वाळा आणि निखारे एकाच वेळी जळत असल्यामुळे कोळसा थोडाच उरतो. याउलट काही चुली कोळसा राखण्याच्या दृष्टीनेच घडवलेल्या असतात. अमेरिकेतील टॉमस रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेलबो यांनी १९८० च्या दशकात एकमेकांपासून स्वतंत्रपणे विकसित केलेली, वरून पेटवायची वायुचूल हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. तिच्या उभ्या डब्यात जळण एकदाच भरून वरच्या थरावर पेटवतात. खालून अगदी मोजकी हवा येते, विघटनाचा पातळ पट्टा हळूहळू खाली सरकत जातो, त्यातून निघालेला वायू वर गेल्यावर स्वतंत्र छिद्रांतून मिळालेल्या हवेत जळतो, आणि पट्टा तळाला पोहोचेपर्यंत डबा कोळशाने भरलेला असतो. या कोळशाचे वजन कोरड्या जळणाच्या साधारण १५ ते २५ टक्के भरते.

आता हिशेब पाहू. एक किलो कोरडे लाकूड घेतले, तर त्यात साधारण १८ मेगाज्यूल ऊर्जा असते. समजा, त्यापैकी ४.५ मेगाज्यूल भांड्यातल्या पाण्याला मिळाली आणि शेवटी २०० ग्रॅम कोळसा उरला. कोळशाचे उष्मांक मूल्य किलोला २९ मेगाज्यूल धरले, तर त्या २०० ग्रॅममध्ये ५.८ मेगाज्यूल शिल्लक आहेत. भांड्याला मिळालेल्या ऊर्जेला जळणातल्या एकूण ऊर्जेने भागले तर कार्यक्षमता २५ टक्के येते. पण कोळशातली ऊर्जा 'वापरलीच नाही' असे म्हणून ती आधी वजा केली, तर भाजक १२.२ मेगाज्यूलवर येतो आणि कार्यक्षमता जवळजवळ ३७ टक्के होते. चूल तीच, जळण तेच आणि पाणीही तितकेच तापलेले असताना आकड्यात बारा टक्क्यांचा फरक पडतो. पाणी उकळण्याच्या चाचणीच्या जुन्या आवृत्तीत ही वजाबाकी अंगभूतच होती. उरलेल्या कोळशाच्या वजनाला १.५ ने गुणून ते कोरड्या लाकडाच्या वजनातून वजा करायचे, असे त्याचे सूत्र होते. २०१८ साली आलेल्या आयएसओ १९८६७-१ या मानकाने उरलेल्या कोळशाचे श्रेय देऊन (म्हणजे वरची वजाबाकी करून) आणि न देता अशा दोन्ही कार्यक्षमता नोंदवायला सांगितल्या आणि कोळशाचे उत्पादन वेगळे दाखवण्याची सोय केली. हे पाऊल योग्यच होते. अडचण अहवालाच्या बाहेर सुरू होते, कारण माहितीपत्रकात आणि बातमीत एकाच आकड्याला जागा असते आणि ती सहसा मोठ्या आकड्याला मिळते. त्याच मानक-मालिकेत चुलींसाठी शून्य ते पाच अशा श्रेणी सुचवल्या आहेत, आणि त्यांत कार्यक्षमतेच्या सीमारेषा १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्क्यांवर आहेत. वरच्या उदाहरणातली चूल एका पद्धतीने ३० च्या अलीकडे राहते, दुसरीने पलीकडे जाते. सीमारेषा कोणत्या आकड्याने ओलांडली हे न सांगता चुलीची श्रेणी सांगणे ही दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वजाबाकीतून निर्माण होणारा प्रश्न किती व्यावहारिक आहे, हे दुसऱ्या एका चुलीशी तुलना केल्यावर दिसते. समजा, ही दुसरी चूल तेवढेच पाणी तेवढेच तापवायला ८०० ग्रॅम लाकूड घेते आणि तिच्यात कोळसा जवळजवळ उरतच नाही. तिची कार्यक्षमता ३१ टक्क्यांच्या आसपास येईल. कोळशाचे श्रेय दिले तर ३७ टक्क्यांची पहिली चूल हिच्यापेक्षा सरस ठरते. प्रत्यक्षात मात्र पहिलीसाठी दर वेळी २०० ग्रॅम लाकूड जास्त तोडावे, वाहावे किंवा विकत घ्यावे लागते. लाकूड गोळा करणाऱ्याच्या आणि झाडोऱ्याच्या दृष्टीने कोणती चूल बरी, या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीच्या अगदी उलट आहे. ही वजाबाकी आणखी ताणून पाहा. एखादी चूल किलोभर लाकडातून ३०० ग्रॅम कोळसा ठेवते आणि भांड्याला जेमतेम ३ मेगाज्यूल देते, असे धरा. श्रेय न देता तिची कार्यक्षमता १७ टक्क्यांच्याही खाली आहे, श्रेय देऊन ती ३२ टक्के होते. म्हणजे चूल स्वयंपाकाच्या कामात जितकी कच्ची आणि कोळसा पाडण्यात जितकी पक्की, तितका तिला या सूत्राचा फायदा होतो. कोळशाच्या भट्टीवर भांडे ठेवून तिला उत्तम चूल म्हणण्याचाच हा प्रकार आहे.

तरीही कोळशाचे श्रेय कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. तसे केल्यास दुसऱ्या बाजूने अन्याय होतो. उरलेला कोळसा त्याच घरात दुसऱ्या शेगडीत खरोखर जळत असेल, तर त्यातले ५.८ मेगाज्यूल वाया गेलेले नाहीत, आणि २५ टक्के हा आकडा त्या घराचे वास्तव सांगत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की कोळशाचे श्रेय त्याच्या प्रत्यक्ष उपयोगाला मिळावे, एकदाच मिळावे, आणि तो उपयोग होण्याआधी चुलीच्या खात्यावर जमा होऊ नये.

त्यासाठी आधी 'उरलेला कोळसा' म्हणजे नेमके काय, हे ठरले पाहिजे, आणि वाटते तितके हे सोपे नाही. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडते ते पाहण्यासारखे आहे. चाचणी थांबवण्याची खूण झाली की चाचणी घेणारा जळती लाकडे चिमट्याने बाहेर काढतो, ज्वाळा विझवतो, लाकडांच्या टोकांवर चढलेला कोळसा लोखंडी सळईने ठोकून पत्र्याच्या तबकात पाडतो आणि चुलीच्या तळाचे निखारे खरडून त्यातच घेतो. हे सगळे चालू असताना निखारे जळतच असतात. तबक काट्यावर ठेवले तरी तापलेल्या पत्र्याभोवतीची हवा वर चढत असल्यामुळे आकडा थरथरतो, आणि कार्बन जळून जात असल्यामुळे तो पाहता पाहता खाली सरकत राहतो. कोणी पहिला आकडा टिपतो, कोणी स्थिर होण्याची वाट पाहतो. निखारे पाण्याने विझवले तर कोळसा आपल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांमध्ये भरपूर पाणी धरून ठेवतो आणि वजन भलतेच वाढते. झाकणबंद डब्यात कोंडून विझवले तर वेळ लागतो, पण वजन खरे मिळते. ठोकताना कोळशाबरोबर तपकिरी, अर्धवट भाजलेल्या लाकडाच्या ढलप्याही पडतात. त्या कोळशात मोजायच्या की न जळलेल्या लाकडात? त्यांचे उष्मांक मूल्य कोळशापेक्षा पुष्कळ कमी असते, आणि वरून काळा दिसणारा तुकडा मोडून पाहिल्याशिवाय आतला रंग कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की किती कोळसा उरला, हे चुलीच्या रचनेइतकेच चाचणी कोणत्या क्षणी थांबवली यावरही अवलंबून असते. पाणी उकळताच आग काढून घेतली तर त्या क्षणी चुलीत निखाऱ्यांचा मोठा साठा असतो आणि तो सगळा 'उरलेला कोळसा' म्हणून तोलला जातो. खऱ्या स्वयंपाकघरात उकळी आली म्हणून कोणी निखारे उपसून बाहेर काढत नाही; पुढची मंद आच त्याच निखाऱ्यांवर चालते, आणि स्वयंपाक संपला तरी ते चुलीतच विझून राख होतात. म्हणून कोळशाची व्याख्या स्वयंपाक करणाऱ्याच्या बाजूने केली पाहिजे असे मला वाटते : नेहमीचे काम संपल्यावर, नेहमीच्या साधनांनी, नेहमीच्या वेळात जो वेगळा काढता येतो आणि प्रत्यक्षात काढला जातो, तेवढाच उरलेला कोळसा. चाचणी घेणाऱ्याने चिमटा, सळई आणि विजेचा काटा घेऊन वेगळा केलेला पदार्थ हे फार तर त्या चुलीचे सामर्थ्य झाले. त्यावरून रोजच्या व्यवहारात काय मिळेल हे ठरत नाही.

दुसरा प्रश्न राखेचा आहे. लाकडात राख साधारण एक टक्का असल्यामुळे लाकडाच्या कोळशात तिचा फारसा उपद्रव होत नाही. भाताच्या तुसात मात्र राख १५ ते २० टक्के असते आणि ती बहुतांशी सिलिका असते. १०० ग्रॅम तूस वायुचुलीत वापरून ३५ ग्रॅम काळा अवशेष उरला आणि राख २० ग्रॅम असली, तर त्या अवशेषाचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ खनिज आहे. शुद्ध कार्बनचे उष्मांक मूल्य किलोला ३२.८ मेगाज्यूल असल्याने या अवशेषाचे मूल्य किलोला १४ मेगाज्यूलच्या आसपासच राहील. पण चाचणीच्या तक्त्यात कोळशासाठी ठरावीक २९.५ मेगाज्यूलचा आकडा आधीच भरलेला असेल आणि कोणी तो बदलला नाही, तर श्रेय थेट दुप्पट होते. म्हणून कोळशाचे वजन कोरडे करून, राख वजा करून सांगितले पाहिजे. त्यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. लाकडी कोळशाच्या विश्लेषणाची, एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेची डी १७६२ ही जुनी पद्धत १०५ अंशांवर ओलावा, ९५० अंशांवर बाष्पनशील भाग आणि ७५० अंशांवर राख मोजते, आणि चुलीतल्या कोळशालाही ती लावता येते. उष्मांक मूल्य तर प्रत्येक प्रकारच्या जळणासाठी प्रत्यक्ष मोजलेलेच असावे.

व्याख्या ठरली की श्रेयाचा प्रश्न सोपा होतो, कारण तो उपयोगाचा प्रश्न होतो. कोळसा पुन्हा जाळला, तर तो इंधन आहे. अशा वेळी किती मेगाज्यूल मिळाले यापेक्षा त्याने कशाची जागा घेतली, हे अधिक महत्त्वाचे असते. मातीने झाकलेल्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा पाडायला पाच ते दहा किलो लाकूड लागू शकते, आणि त्या लाकडातून निघणारे वायू, त्यांत मिथेनही आला, कोणाच्याही उपयोगी न पडता हवेत जातात. वायुचुलीत तेच वायू भांड्याखाली जळतात आणि शिवाय कोळसाही उरतो. चुलीतल्या कोळशाने भट्टीच्या कोळशाची जागा घेतली, तर खरी बचत त्यातल्या ऊर्जेपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि कोळसा पाडणाऱ्या चुलींच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मला हाच वाटतो. आश्चर्य म्हणजे कार्यक्षमतेच्या टक्केवारीत तो कोठेच दिसत नाही. ही बचत टक्केवारीत कोंबण्यापेक्षा वेगळी, पुराव्यानिशी मांडली तर त्या चुलींचेच भले होईल. मात्र त्याच ठिकाणी हेही लिहिले पाहिजे की जळता कोळसा धूर करीत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. कोळसा पाडणाऱ्या चुलीच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड कमी आढळण्याचे एक कारण कोळसा जळण्याआधीच बाहेर काढला हेही असते. तोच कोळसा नंतर दुसऱ्या शेगडीत जळणार असेल, तर त्याचे उत्सर्जन कोणाच्या तरी नावावर लागायला हवे. ऊर्जेचे श्रेय घ्यायचे आणि उत्सर्जन विसरायचे, हे चालणार नाही.

कोळसा जमिनीत घातला तर हिशेब सर्वस्वी बदलतो. मग तो इंधन राहत नाही, तो साठवलेला कार्बन होतो, आणि त्याला बायोचार म्हणतात. वरच्याच उदाहरणात २०० ग्रॅम कोळशात ७७ टक्के कार्बन धरला तर तो १५४ ग्रॅम होतो. आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेप्रमाणे, ६०० अंशांपेक्षा अधिक तापमानाला तयार झालेल्या बायोचारमधला सुमारे ८९ टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही टिकून असतो असे धरतात. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान हे प्रमाण ८० टक्के, आणि ३५० ते ४५० अंशांना ६५ टक्के आहे. सर्वांत अनुकूल आकडा घेतला तर १३७ ग्रॅम कार्बन टिकतो आणि ४४ भागिले १२ या गुणोत्तराने त्याचा अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एका किलो लाकडामागे अर्धा किलो हे चांगलेच दिसते. पण त्या किलोभर लाकडात मुळात सुमारे ५०० ग्रॅम कार्बन होता. उरलेला ३४६ ग्रॅम जळून हवेत गेला, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड सव्वा किलोहून थोडा अधिक होतो. झाड पुन्हा वाढणार असेल किंवा जळण म्हणजे एरवी कुजून जाणारा काडीकचरा असेल, तर हे उत्सर्जन निसर्गचक्रात भरून निघते आणि अर्धा किलो ही खरी जमेची बाजू राहते. झाड पुन्हा वाढणार नसेल, तर अर्धा किलो साठवायला सव्वा किलो सोडला, एवढाच त्याचा अर्थ उरतो. चुलींच्या कार्बन-श्रेयाच्या (म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या श्रेयाच्या) पद्धतींमध्ये अपुनर्नवीकरणीय, म्हणजे पुन्हा भरून न येणाऱ्या, जैवभाराचा जो अंश ठरवावा लागतो, तो इथेही लागू झालाच पाहिजे, आणि जळण कोठून आले याची चौकशी कोळशाच्या चौकशीच्या आधी व्हायला हवी. कार्बन-श्रेय प्रमाणित करणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या, बायोचारसाठीच्या व्हीएम ००४४ या २०२२ च्या पद्धतीत कच्चा माल टाकाऊ जैवभारच असावा, असा दंडक आहे, तो याच कारणासाठी.

टिकाऊपणाच्या आकड्यांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. वायुचुलीच्या मध्यभागी ६०० अंशांच्या वर तापमान गेले म्हणून डब्याच्या कडेचा आणि तळाचा कोळसाही तितका तापला, असे होत नाही. आंतरराष्ट्रीय बायोचार मानकांमध्ये हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचे गुणोत्तर ०.७ पेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. लाकूड जितके कच्चे राहील तितके हे गुणोत्तर वाढते, म्हणून भाजणी पुरी झाली की नाही हे त्यावरून कळते. प्रत्येक घरातल्या प्रत्येक डब्याची अशी तपासणी करणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. परंतु एका चुलीच्या, एका प्रकारच्या जळणाच्या मोजक्या नमुन्यांची तपासणी करून, त्यातला सर्वांत कमी भरणारा आकडा सर्वांसाठी वापरणे नक्कीच शक्य आहे.

आता दुहेरी मोजणीबद्दल, कारण खरा धोका तिथेच आहे. एखाद्या प्रकल्पात चुलीची कार्यक्षमता कोळसा वजा करून ३७ टक्के दाखवली, त्यावरून 'वाचलेल्या' लाकडाचे कार्बन-श्रेय घेतले, आणि तोच कोळसा जमिनीत घालून साठवलेल्या कार्बनचेही श्रेय घेतले, तर एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलल्यासारखे झाले. जमिनीत गेलेल्या कोळशाने कोणाचेही लाकूड वाचवलेले नसते. उलट तो शेगडीत गेला नाही म्हणून तेवढी ऊर्जा दुसरीकडून आणावी लागते. जमिनीत घालायच्या कोळशासाठी चुलीची कार्यक्षमता २५ टक्केच धरली पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. या शंकेला पार्श्वभूमीही आहे. २०२४ च्या जानेवारीत 'नेचर सस्टेनॅबिलिटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या चूल-प्रकल्पांना प्रत्यक्ष घटीच्या सुमारे ९.२ पट कार्बन-श्रेय दिले गेल्याचा निष्कर्ष काढला होता. त्या आकड्यावर मतभेद होऊ शकतात. पण चुलींच्या श्रेयाकडे संशयाने पाहिले जात असताना त्यात कोळशाची आणखी एक सैल मोजणी घालणे, हे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या प्रकल्पांच्याही मुळावर येईल.

तिसरी शक्यता सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : कोळशाचे काहीच होत नाही. ज्वाळा संपल्यावर डबा तसाच ठेवला की खालून येणाऱ्या हवेवर कोळसा धुमसत राहतो आणि तासाभरात राख होते. त्या उष्णतेचा उपयोग झाला तर ठीक, नाही तर ती खोलीत गेली. कोळसा वाचवायचा तर गरम डबा उचलून उपडा करणे, निखारे झाकणबंद भांड्यात कोंडणे किंवा पाण्याने विझवून वाळवणे, हे जादा काम स्वयंपाकाच्या शेवटी, नेमके सगळे पानांवर बसण्याच्या वेळी करावे लागते, आणि त्यात भाजण्याचा धोका असतो. हे काम करणाऱ्याला त्याचा काही मोबदला मिळत नसेल तर ते होणार नाही, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. कार्बन-श्रेयाचा पैसा चूल बनवणारी संस्था आणि श्रेय विकणारी संस्था यांच्यातच वाटला जात असेल, तर कागदावर साठलेला कोळसा प्रत्यक्षात राख होऊन गेलेला असेल, आणि चुलींची नुसती संख्या मोजून ते कधीच उघडकीला येणार नाही. म्हणून कोळशाचे श्रेय चुलींच्या संख्येला गुणून काढण्याऐवजी गोळा झालेल्या कोळशाच्या तोललेल्या वजनावर द्यावे, आणि जो तो तोलून देतो त्याच्या हाती त्याचा मोठा वाटा पडावा. तोललेल्या पोत्याला नोंदवही लागते, ओलाव्याची तपासणी लागते, कोणाच्या शेतात किती गेले याची माहिती लागते. हा खटाटोप परवडत नसेल तर ते श्रेय मागू नये.

चाचणी-संस्था, मानके ठरवणाऱ्या समित्या आणि चुलींसाठी अनुदान देणारी खाती यांच्याकडे माझी मागणी अशी आहे की चुलीच्या अहवालात तीन गोष्टी एकमेकींत न मिसळता द्याव्यात : ठरावीक कामासाठी लागलेले एकूण कोरडे जळण, भांड्याला मिळालेली ऊर्जा, आणि नेहमीच्या वापरात वेगळा काढता आलेला कोळसा, तोही कोरडा व राखविरहित. अनुदानासाठी किंवा श्रेणीसाठी कोळसा वजा न केलेली कार्यक्षमताच धरावी, आणि कोळशाच्या उपयोगाचा पुरावा असेल तेथे त्या उपयोगाचे श्रेय स्वतंत्र द्यावे. कोळसा पाडणाऱ्या चुली बनवणाऱ्यांना हे जाचक वाटेल, याची मला कल्पना आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी धूर कमी करण्यात खरोखर मोठे काम केले आहे. परंतु त्यांची चूल दोन कामे करते, तर दोन कामांचे दोन आकडे द्यायला हरकत नसावी.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. चुलीच्या कार्यक्षमतेचा आकडा छापताना तो कोळसा वजा करून काढला आहे की न करता, एवढे शब्द त्याच्या शेजारी छापावेत. आयएसओ मानकाप्रमाणे झालेल्या चाचणीत दोन्ही आकडे असतातच, त्यामुळे आपल्या प्रतिनिधीने ते मागितल्यावर उत्तर न मिळाल्यास, तेही बातमीत यायला हरकत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक